माणसाच्या कामगिरीचा अंदाज आधी बांधता येतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहुल-चेंबूर पट्ट्यातल्या रिफायनऱ्या-कारखान्यांच्या कंट्रोल रूम, रेल्वेच्या कारशेड, न्हावा-शेवाच्या क्रेन अशा ठिकाणी काम करणारी माणसं, त्यांचे सुपरवायझर आणि हा विषय शिकणारी मुलं मला काही प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी पायाभूत प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे येतात. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मानवी कामगिरीचं मॉडेल म्हणजे नेमकं काय?

काम, ते करणारा माणूस आणि भोवतालची परिस्थिती यांची अशी मांडणी, जिच्यावरून काम होण्याआधीच काही सांगता येतं. वेळ किती लागेल, चूक कुठे होण्याची शक्यता जास्त, किती काम अंगावर आलं की हातातून निसटायला लागेल. पूल बांधण्याआधी इंजिनिअर त्यावर येणाऱ्या वजनाचं गणित करतो, तसंच हे. पण पूल कंटाळत नाही, शिकत नाही आणि रात्री तीन वाजता त्याला पेंग येत नाही. त्यामुळे आपल्या गणितात कंटाळा, शिकणं आणि झोप यांनाही जागा द्यावी लागते.

२. माणसागणिक स्वभाव वेगळा. मग अंदाज बांधायचा तरी कसा?

स्वभाव वेगळे असले तरी शरीराच्या आणि लक्षाच्या मर्यादा बऱ्याच सारख्या असतात. पॉल फिट्स यांनी १९५४ साली दाखवलं की हात नेऊन एखाद्या जागी टेकवायला लागणारा वेळ हा अंतर आणि त्या जागेची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतो. बटण दुप्पट लांब नेलं आणि दुप्पट रुंद केलं, तर वेळ जवळपास तोच राहतो. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये, रडारसमोर तासन्‌तास बसणाऱ्यांचा प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून, घड्याळाच्या काट्याचा प्रयोग केला. काट्याची क्वचित होणारी मोठी उडी टिपायची, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या नजरेतून त्या उड्या जास्त निसटू लागल्या.

दादरच्या पुलावर संध्याकाळी एकेक माणूस कुठे वळेल हे कुणी सांगू शकत नाही, पण कोंडी कोणत्या जिन्याशी होणार हे रोजचा प्रवासी आधीच सांगतो. आपले अंदाज या दुसऱ्या प्रकारचे असतात. एकेकट्या माणसाबद्दल विचाराल तर प्रश्न १४ पाहा.

३. उद्याच कागद-पेन घेऊन करता येईल अशी एखादी पद्धत आहे का?

आहे. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूएल यांनी १९८० मध्ये मांडलेलं कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल. सरावलेला माणूस स्क्रीनवरचं काम करतो तेव्हा त्या कामाचे बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला ठरलेला वेळ द्यायचा. एक कळ दाबायला सरासरी ०.२८ सेकंद, माउस नेऊन टेकवायला १.१, क्लिकला ०.२, हात माउसवरून कीबोर्डवर न्यायला ०.४ आणि पुढच्या पावलाची मनाशी जुळणी करायला १.३५.

समजा पॅनल ऑपरेटरला, म्हणजे कंट्रोल रूममधून स्क्रीनवर प्लांट चालवणाऱ्याला, एक सेटपॉइंट (यंत्रणेने राखायचं तापमान, दाब वगैरेंचा ठरवलेला आकडा) बदलायचा आहे. मनाची जुळणी, माउस टेकवणं, क्लिक, हात कीबोर्डवर, तीन आकडे आणि एंटर: एकूण ४.१७ सेकंद. आता कुणीतरी सुरक्षेसाठी 'नक्की बदलायचं का?' अशी खिडकी घातली. हात परत माउसवर, विचार, माउस टेकवणं, क्लिक: आणखी ३.०५ सेकंद. हे तीन सेकंद आपण विकत घेतो ते त्यातल्या १.३५ सेकंदांच्या विचारासाठी. पण दिवसातून शंभरदा तीच खिडकी आली की तो विचार गळून पडतो आणि बोट आपोआप 'हो' दाबतं. राहतात १.७ सेकंद, तेही फुकट गेलेले. खिडकी घालायचीच असेल तर मोठ्या बदलांपुरती घाला, म्हणजे ती दिसल्यावर माणूस थांबेल.

ही पद्धत फक्त सरावाच्या, न चुकता होणाऱ्या कामाला लागू पडते. नवख्याला किंवा बिघाड शोधणाऱ्याला लावू नका.

४. असले अंदाज प्रत्यक्षात कधी खरे ठरलेत का?

गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या नायनेक्स या टेलिफोन कंपनीचं आहे. ऑपरेटरसाठी नवी यंत्रणा घ्यायची होती. ती दिसायला आधुनिक होती, स्क्रीन जलद भरत होती, काही कळाही कमी दाबाव्या लागत होत्या. वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल ॲटवूड यांनी मॉडेल बांधून सांगितलं की दर कॉलला ती जुन्यापेक्षा सुमारे ३ टक्के हळू पडेल. प्रत्यक्ष चाचणीत ती खरोखरच जवळपास तेवढी हळू निघाली. हे काम १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. ऑपरेटर ऐकतो, बोलतो, बघतो आणि कळा दाबतो ते एकाच वेळी. नव्या यंत्रणेने ज्या कळा वाचवल्या त्या ग्राहक बोलत असताना, मोकळ्या वेळात दाबल्या जायच्या, म्हणून वाचलेला वेळ कुठे दिसलाच नाही. काही कळा मात्र तिने कॉलच्या अशा टप्प्यावर नेल्या जिथे सगळं त्यांच्यासाठी खोळंबून राहतं. यंत्र विकणाऱ्याचा तक्ता हे कधीच दाखवणार नाही.

५. मॅडम, नवा मुलगा किती दिवसांत तयार होईल? व्यवस्थापन तारीख मागतंय.

सरावाने वेळ कमी होतो, पण सुरुवातीला भराभर आणि मग सावकाश. टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये विमानबांधणीत हे मोजलं: एकूण नग दुप्पट झाले की दर नगामागचे श्रम सुमारे २० टक्क्यांनी उतरतात. हाच हिशोब पंपाचा सील बदलण्याला लावला तर पहिल्या वेळी १०० मिनिटं, दुसऱ्या वेळी ८०, चौथ्या वेळी ६४, आठव्या वेळी ५१.

तारीख देण्याआधी दोन गोष्टी बघा. हा गुळगुळीत वक्र बऱ्याचदा अनेकांच्या सरासरीचा असतो. अँड्र्यू हीथकोट आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की एकेका माणसाची प्रगती वेगळ्या आकाराची असते आणि सगळ्यांची सरासरी काढल्यावर तिचा आकार बदलतो. दुसरं म्हणजे सराव दिवसांनी मोजू नका, वेळांनी मोजा. सील महिन्यातून चारदा बदलला जात असेल तर मुलगा दोन महिन्यांत आठव्या वेळेला पोहोचेल. प्लांट सुरू करण्याची प्रक्रिया वर्षातून एकदाच होत असेल तर त्याच मुलाला आठ वर्षं लागतील, आणि मधल्या काळात तो विसरेल ते वेगळंच. अशा कामांसाठी सिम्युलेटर, म्हणजे सरावासाठी प्लांटची संगणकावरची नक्कल, लागतो.

६. चुकीची शक्यता आकड्यात कशी मांडतात?

जे. सी. विल्यम्स यांची 'हार्ट' ही पद्धत शिकायला सोपी आहे. कामाचा प्रकार ठरवला की त्याची मूळ शक्यता मिळते. ठरलेल्या कार्यपद्धतीने, थोडी तपासणी करत यंत्रणा पूर्वस्थितीत आणायची असेल तर ०.००३, म्हणजे हजारात तीन. मग परिस्थितीचे गुणक लावायचे. वेळ अपुरा असेल तर जास्तीत जास्त ११ पट, काम अनोळखी असेल तर १७ पट. तुमच्याकडे ती परिस्थिती कितपत आहे हे ठरवून गुणक खाली आणायचा. वेळेची टंचाई ०.४ इतकी धरली तर (११ − १) × ०.४ + १ = ५. हजारात तीनचे झाले हजारात पंधरा.

हे आकडे वजनकाट्यावरचे नाहीत. हजारात पंधरा की अठरा यावर वाद घालू नका. घाईमुळे चूक पाचपट होते आणि अपुऱ्या लेबलांमुळे दीडपट, तर आधी घाई कमी करा, इतकं त्यांच्याकडून नक्की घ्या.

७. आमच्याकडे प्रत्येक काम दोघं तपासतात. मग चूक जवळजवळ अशक्यच ना?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो, आणि माझ्या मते सगळ्यांत धोकादायक समज हीच आहे. पहिल्याच्या चुकीची शक्यता ०.००३ आणि दुसऱ्याच्या नजरेतून ती सुटण्याची ०.०१ धरा. दोघं एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र असतील तर गुणाकार ०.००००३, म्हणजे लाखात तीन.

पण दुसरा माणूस बहुधा स्वतंत्र नसतो. तो त्याच शिफ्टचा, त्याच टेबलावरचा असतो. पहिल्याने केलेली खूण त्याला आधीच दिसते आणि 'आपल्या दादांनी बघितलंय' म्हणून सही होते. ॲलन स्वेन आणि हेन्री गटमन यांनी १९८३ मध्ये अणुवीजकेंद्रांसाठी तयार केलेल्या 'थर्प' पद्धतीत या अवलंबित्वाच्या पाच पायऱ्या आहेत. ते जास्त असेल तर दुसऱ्याच्या चुकीची शक्यता मूळ आकड्यात १ मिळवून निम्मी करायची: (१ + ०.०१) ÷ २ = ०.५०५. आता गुणाकार ०.००१५. लाखात तीनचे झाले लाखात दीडशे. कागदावर दोन सह्या आहेत, प्रत्यक्षात तपासणी अर्धीच झाली.

यावर उपाय तिसरी सही नाही. दुसऱ्याला पहिल्याचा कागद न दाखवता व्हॉल्व्हपाशी पाठवा आणि त्याला दिसलेली स्थिती कोऱ्या कागदावर लिहायला सांगा. शक्य असेल तर तो दुसऱ्या शिफ्टचा असू द्या. आणि ज्येष्ठाचं काम कनिष्ठ तपासत असेल तर चूक दाखवल्याबद्दल त्याला ऐकून घ्यावं लागणार नाही, हे आधी सगळ्यांसमोर बोला. आपल्याकडे वयाचा मान मोठा असतो. तो असावाच, पण तो तपासणीत उतरला की 'थर्प'चं अवलंबित्व वाढतं.

८. वीस वर्षं काम केलेला माणूस इतकी साधी चूक कसा करतो?

वीस वर्षं केलं म्हणूनच. येन्स रासमुसेन यांनी १९८३ मध्ये कामाच्या तीन पातळ्या सांगितल्या: सवयीने होणारं, नियम आठवून होणारं आणि मुळातून विचार करून होणारं. नवखा माणूस विचार करताना चुकतो, सराईताची चूक सवयीतून होते. एरवी ज्या स्टेशनावर गाडी थांबत नाही तिथे त्या दिवशी थांबा असला की हात सवयीने गाडी पुढे नेतो. ज्ञान पूर्ण असतं, लक्षही बरंच असतं, फक्त नेमक्या क्षणी सवय पुढे जाते. म्हणून अशा चुकीनंतर पुन्हा वर्गात बसवून नियम शिकवल्याचा उपयोग होत नाही.

सवय थांबवण्याचा एक मार्ग जपानी रेल्वेत रुळला आहे: सिग्नलकडे बोट दाखवून त्याचं नाव मोठ्याने म्हणायचं. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४ च्या प्रयोगात शंभर कृतींमागे २.३८ चुका होत्या, त्या ०.३८ वर आल्या. आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत लोको पायलट आणि सहायक एकमेकांना सिग्नल मोठ्याने सांगतात तेही याच कारणाने. लोकलच्या केबिनमध्ये मोटरमन एकटा असतो, प्रतिसाद द्यायला शेजारी कुणी नसतं.

९. अलार्म किती असले म्हणजे जास्त?

शांतपणे चाललेल्या प्लांटमध्ये एका ऑपरेटरमागे दहा मिनिटांत सरासरी एक, याहून जास्त नकोत. दहा मिनिटांत दहाच्या वर गेले की त्याला पूर म्हणतात, आणि पुरात माणूस अलार्म वाचत नाही, गप्प करतो. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत सुरुवातीच्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक अलार्म वाजले. त्यातच एक दिवा फसवा होता. व्हॉल्व्हला बंद होण्याचा आदेश गेला एवढंच तो सांगत होता, प्रत्यक्षात व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. तुमच्या पॅनलवर आदेश दाखवणारे दिवे किती आणि खरी स्थिती दाखवणारे किती, हे एकदा मोजून बघा.

१०. नाइट शिफ्टचा हिशोब मॉडेलमध्ये कसा धरायचा?

शिफ्ट किती वाजता सुरू झाली हे विसरा. माणूस शेवटचा झोपून उठला कधी, ते विचारा.

ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागल्यावर हात-डोळ्यांची कामगिरी इतकी घसरते, जितकी रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना घसरते. भारतात गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. ज्या अवस्थेत पोलीस माणसाच्या हातून गाडी काढून घेतील, त्या अवस्थेत आपण त्याच्या हातात प्लांट देतो.

आता मुंबईचं बघा. बदलापूरला राहणारा ऑपरेटर सकाळी आठला उठतो. एका खोलीचं घर, दुपारी मुलं शाळेतून येतात, टीव्ही चालू असतो, झोप लागत नाही. रात्री आठला निघून उभ्याने प्रवास करतो आणि दहाला चार्ज घेतो. रजिस्टरप्रमाणे रात्री एक वाजता त्याच्या ड्यूटीचे तीनच तास झालेले असतात, पण तो १७ तास जागा आहे. सकाळी सहाला चार्ज देताना २२ तास होतात. परदेशी प्लांटसाठी बनवलेल्या शिफ्टच्या गणितात प्रवास बहुधा धरलेला नसतो. आपल्याकडे तो न धरलेलं कोणतंही गणित मी मान्य करत नाही. रोस्टर बनवणाऱ्याने प्रत्येकाच्या नावापुढे दाराशी ते दाराशी लागणारा वेळ लिहावा, आणि अवघड कामं, विशेषतः परमिटची (धोक्याच्या कामाला लेखी परवानगी देण्याची) आणि आयसोलेशनची (दुरुस्तीआधी यंत्राचा पुरवठा तोडण्याची), रात्री दोन ते सहा या वेळात शक्यतो ठेवू नयेत.

११. मानसिक भार मोजण्याची प्रश्नावली मराठीत चालते का?

सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांची १९८८ ची 'नासा-टीएलएक्स' चालते, पण भाषांतर जपून करा. तिच्यात सहा पट्ट्या आहेत: डोक्याला ताण, शरीराला ताण, वेळेची घाई, काम कितपत जमलं, किती कष्ट पडले आणि सहावी 'फ्रस्ट्रेशन', जिचं भाषांतर हमखास चुकतं. तिथे 'निराशा' लिहिलं की आपली माणसं शून्यावर खूण करतात. निराश होणं म्हणजे त्यांना खचून जाणं वाटतं, आणि तसं कुणी लेखी देत नाही. 'वैताग' लिहा, लगेच खरी उत्तरं येतात.

चौथी पट्टी उलटी आहे: डावं टोक उत्तम, उजवं वाईट. हे तोंडाने समजावलं नाही तर निम्मे फॉर्म वाया जातील.

१२. सगळं स्वयंचलित केलं तर हा प्रश्नच मिटेल ना?

लिसॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच याचं उत्तर दिलं. सोपी कामं यंत्राकडे जातात आणि माणसाकडे उरतात ती, जी यंत्राला जमली नाहीत. त्यातून हाताचा सराव सुटतो आणि दिवसभर नुसतं बघत बसावं लागतं, जे माणसाला सर्वांत कमी जमतं (प्रश्न २ मधला मॅकवर्थ यांचा प्रयोग). मुंबईच्या उपनगरी मार्गांवरची ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीम मला म्हणूनच आवडते. ती मोटरमनला बाजूला सारत नाही. सिग्नलची जाणीव देऊन त्याच्याकडून प्रतिसाद मागते आणि तो आला नाही तर ब्रेक लावते.

१३. डबेवाल्यांची चूक कोट्यवधींत एक म्हणतात. तो आकडा वापरू का?

वापरू नका. तो पद्धतशीर मोजणीतून आलेला नाही. डबेवाल्यांबद्दलचा आदर त्याने कमी होत नाही. त्यांच्या कामात मॉडेलच्या दृष्टीने शिकण्यासारखं भरपूर आहे. झाकणावरची खूण छोटी आणि रंगीत असते, रोज तोच रस्ता आणि तेच साथी असतात, आणि वाटेतल्या टप्प्यांवर डबे नव्याने लावले जात असल्यामुळे चुकीच्या गटात गेलेला डबा पुढच्याच टप्प्याला हाती लागतो. प्रश्न ७ मध्ये जी स्वतंत्र तपासणी म्हटली, ती इथे कामाच्या रचनेतच आहे.

१४. कोण चुकणार हे आधीच ओळखून त्याला बाजूला करता येईल का?

नाही, आणि हे मी गणितानेच सांगते. समजा हजार माणसांत वर्षाला दहा जणांकडून गंभीर चूक होते आणि तुमची चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. ती दहांपैकी नऊ जण पकडेल. पण उरलेल्या ९९० पैकी ९९ जणांनाही चुकीने पकडेल. १०८ नावांत खरी नऊ, म्हणजे बारात एक. आणि ९० टक्के अचूक चाचणी कुणाकडेही नाही. भरतीच्या पद्धतींचे जुने अभ्यास पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये पुन्हा तपासले तेव्हा सर्वांत वर आलेल्या पद्धतीचा, आखीव मुलाखतीचा (सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न), कामगिरीशी सहसंबंध ०.४२ निघाला (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण). त्याचा वर्ग केला की कळतं, त्यातून माणसामाणसातल्या फरकाचा जेमतेम १८ टक्के भाग समजतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याला मी शिफ्टनिहाय चुकांच्या शक्यतेचा तक्ता करून दिला होता. महिन्याभरात त्या तक्त्यावर नावं चढली आणि दोघांची बदली झाली. तक्ता कामाबद्दल होता, वाचला गेला माणसांबद्दल. तो कसा वाचायचा हे मी त्याच कागदावर लिहायला हवं होतं. आता प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिते की यातला कोणताही आकडा कोणत्याही व्यक्तीला लागू नाही, आणि ते मान्य नसेल तर काम घेत नाही.

१५. हे सगळे आकडे परदेशातले. इथे चालतील का?

तुलनेला चालतील, नेमक्या आकड्याला नाही. हात टेकवण्याचा वेळ माहुलमध्ये आणि मँचेस्टरमध्ये फारसा वेगळा नसेल. पण आपल्याकडे अलार्म इंग्रजीत, वॉकीटॉकीवरचं बोलणं हिंदीत आणि घाबरल्यावर तोंडातून निघणारं मराठीत किंवा भोजपुरीत असतं. फील्ड ऑपरेटर मे महिन्याच्या उकाड्यात पूर्ण पीपीई घालून जिना चढतो. हे परदेशी तक्त्यात नसतं. मूळ आकडा घ्या, ही परिस्थिती तुमच्या लोकांबरोबर बसून जोडा, आणि वर्षभर किरकोळ चुकांची नोंद ठेवून ताडून बघा.

१६. आम्ही निरीक्षणाला गेलो की सगळे नियमाप्रमाणे वागतात. मग खरं काम कळणार कसं?

वही घेऊन मागे उभं राहिलं की कुणीही पुस्तकातल्यासारखंच काम करणार. पहिले तीन-चार दिवस काहीच टिपू नका, नुसते बसा. 'तुम्ही हे कसं करता?' असं विचारलं तर नियम ऐकायला मिळतो. 'नवा मुलगा हे करताना कुठे अडकतो?' असं विचारलं तर खरी अडचण कळते, कारण ती दुसऱ्याच्या नावाने सांगता येते. आणि चार्ज देण्या-घेण्याच्या वेळी हजर राहा. रजिस्टरमध्ये 'सर्व नॉर्मल' लिहून झालं की जाणारा माणूस डबा पिशवीत टाकता टाकता येणाऱ्याला म्हणतो, 'अरे, तो दोन नंबरचा पंप बघ जरा, आवाज करतोय.' तुमच्या मॉडेलला हवी असलेली माहिती त्या वाक्यात असते.